चुकलेल्या तीन गोळ्या

१६ डिसेंबर १९६४ रोजी रशियातल्या व्लादिमीर प्रांतात, याकिमेट्स नावाच्या खेड्यात जन्मलेली अन्फिसा रेझत्सोवा माझ्यापेक्षा जेमतेम चार महिन्यांनी मोठी होती, हे मला ती गेल्यानंतर कळले. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तिचे निधन झाले आणि त्याची त्रोटक बातमी माझ्या फोनवर आली. एरवी अशी बातमी माझ्यापर्यंत पोचण्याचे काही कारण नव्हते. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत आमच्या सातारा जिल्ह्याच्या अदिती स्वामीने वयाच्या सतराव्या वर्षी सुवर्णपदक मिळवले होते, त्या पाठोपाठ माझी नात तिरंदाजीच्या वर्गाला जाऊ लागली होती, आणि घरात नेमबाजी-तिरंदाजीच्या बातम्यांचा जो रतीब सुरू झाला त्याची चाहूल फोनलाही लागली असावी. हिवाळी ऑलिंपिकच्या दोन वेगवेगळ्या खेळांत सुवर्णपदक मिळवणारी ही पहिली महिला, असे त्या बातमीत म्हटले होते. उत्सुकतेपोटी मी आणखी शोधाशोध केली, तेव्हा १९९२ साली त्यांतल्या दुसऱ्या खेळाचे सुवर्ण जिंकताना तिच्या दहापैकी तीन गोळ्या चुकल्या होत्या, असे आढळले. ते वाक्य मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. माझी पाचातली एकच गोळी चुकली होती आणि मी घरी परतले होते.

ते १९८४ साल होते. मी साताऱ्यात महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि मुलींच्या छात्रपथकात होते. आठवड्यातून दोन परेड, खळ लावून कडक इस्त्री केलेला गणवेश आणि वर्षाकाठी एकदोनदा गोळीबाराचा सराव, असा तो शिरस्ता होता. आम्ही जिला ‘पॉइंट टू टू’ म्हणत असू ती ०.२२ इंच व्यासाच्या नळीची रायफल हातात दिली जाई, डोंगराच्या पोटाशी कागदी निशाणे लावलेली असत, आणि सतरंजीवर पालथे पडून, डावे कोपर जमिनीत रोवून, मागची खाच आणि पुढची माशी एका रेषेत आणून पाच गोळ्या झाडायच्या असत. गोळ्या मधोमध लागल्या की नाही यापेक्षा त्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या हे आधी पाहिले जाई. त्याला सगळेच ‘ग्रुपिंग’ म्हणत. माझे ग्रुपिंग चांगले होते, हे आता साठीच्या पुढे आल्यावर सांगायला संकोच वाटत नाही. मोठ्या शिबिरासाठी मुली निवडायच्या होत्या त्या सकाळी मात्र मला घरून निघायलाच उशीर झाला. मैदानापर्यंतचा चढ मी बूट वाजवत पळत आले आणि धाप लागलेली असतानाच माझे नाव पुकारले गेले. चार गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जाव्यात अशा लागल्या आणि पाचवी वीतभर बाजूला गेली. उस्तादांनी कागद उजेडात धरला, त्या पाचव्या भोकाकडे क्षणभर पाहिले आणि पुढचे नाव घेतले. उशीर माझाच होता, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती. तरीही ते पाचवे भोक मला आजही नेमके कुठे होते ते दाखवता येईल.

रेझत्सोवाच्या खेळाचे नाव बायथलॉन. पायांना स्की बांधून, पाठीवर रायफल घेऊन बर्फातून काही किलोमीटर धावायचे, मध्येच थांबून नेम साधायचा आणि पुन्हा धावू लागायचे, असा हा खेळ आहे. पाठीवरच्या रायफलीचे वजन निदान साडेतीन किलो असावे लागते आणि तिची नळी आमच्याच ‘पॉइंट टू टू’ची असते, १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तिथे मोठ्या बोअरच्या रायफली चालत, मग १९७८ पासून ही लहान नळी आली. लक्ष्य पन्नास मीटरवर असते. स्प्रिंट नावाच्या लहान शर्यतीत दोनदा थांबायचे असते: पहिल्यांदा पालथे पडून पाच गोळ्या आणि दुसऱ्यांदा उभ्याने पाच. पडून मारायच्या लक्ष्याचा व्यास ४५ मिलिमीटर आणि उभ्याने मारायच्या लक्ष्याचा ११५ मिलिमीटर. काळी चकती गोळी लागताच पांढरी होते, त्यामुळे किती लागल्या आणि किती चुकल्या हे खेळाडूला आणि प्रेक्षकांना एकाच वेळी दिसते. जितक्या गोळ्या चुकतील तितक्या वेळा शेजारच्या १५० मीटरच्या छोट्या रिंगणात फेरी मारायची आणि मगच पुढच्या वाटेला लागायचे. या दंडाच्या फेरीबद्दल मला पुढे बरेच बोलायचे आहे.

४५ मिलिमीटर म्हणजे किती, हे मला कागदावरून उमगेना, म्हणून एका रविवारी राजवाड्यावरून आणलेला कंदी पेढा मी नातीच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजला. पेढा जवळजवळ तेवढाच भरला, आणि उभ्याने मारायचे लक्ष्य म्हणजे साधारण आमच्या घरची पुरी. मग आम्ही दोघींनी तो पेढा गच्चीच्या कठड्यावर न ठेवता मुद्दाम घराच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवला, कारण गल्लीचे दुसरे टोक तिथून पन्नास मीटरवर आहे, असे नातीचे म्हणणे होते. तिच्या वर्गातली मोठी मुले कंपाउंड धनुष्याने पन्नास मीटरवरच बाण मारतात, त्यामुळे हे अंतर तिच्या डोळ्यांत बसले आहे.

“आजी, दिसतोय का पेढा?” तिने गल्लीच्या टोकाला पोचल्यावर विचारले.

“भिंत दिसतेय,” मी म्हणाले.

“आमचं दहाचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं असतं, म्हणजे याच्या जवळजवळ दुप्पट,” ती म्हणाली. “आणि आम्ही काही पळत येऊन मारत नाही. सर म्हणतात, आधी शांत उभी राहा, श्वास खाली बसू दे, मगच दोरी ओढ.”

आमचे हे बोलणे चालू असतानाच कावळ्याने पेढा नेला. पन्नास मीटरवरून त्याला तो व्यवस्थित दिसला होता.

नातीच्या बोलण्यात या खेळाचे मर्म आले आहे. तिरंदाजाला आणि साध्या नेमबाजाला शांत होण्यासाठी सवड असते, तर बायथलॉनच्या खेळाडूला ती सवड पैदा करावी लागते. चढ चढून ती नेमबाजीच्या जागेवर येते तेव्हा तिचे हृदय मिनिटाला १७० च्याही पुढे ठोके देत असते. पालथे पडल्यावर दंडाला आवळलेल्या पट्ट्यातून रायफल घट्ट धरली जाते खरी, पण त्याच दंडातली नाडी रायफलीत उतरते आणि प्रत्येक ठोक्याला नळीचे टोक केसभर उडते. पन्नास मीटरवर तो केस पेढ्याच्या बाहेर जायला पुरेसा असतो. उभ्याने मारताना कोपराला जमिनीचा आधार नसतो आणि मांड्या थरथरत असतात. थांबून ठोके निवू द्यावेत, तर मागच्या खेळाडू पुढे निघून जातात. घाई करावी, तर गोळी बाहेर जाते. श्वास सोडून संपल्यावरच्या त्या एवढ्याशा स्तब्धतेत घोडा दाबायचा, पुन्हा एक श्वास घ्यायचा आणि पुढची गोळी. हे सगळे अर्ध्या मिनिटाच्या आसपास आटोपायचे असते. त्या सकाळी मला नेमके हेच कोणी शिकवलेले नव्हते, आणि ते शिकवण्याची जागाही ती नव्हती.

ज्या वर्षी माझी पाचवी गोळी बाजूला गेली, त्याच १९८४ साली फ्रान्समधल्या शामोनी इथे बायथलॉनची महिलांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. पुरुषांचे बायथलॉन १९६० पासून ऑलिंपिकमध्ये होते. महिलांना त्यानंतर बत्तीस वर्षे थांबावे लागले. रेझत्सोवा मात्र तेव्हा या खेळात नव्हतीच. ती लांब पल्ल्याची स्कीपटू होती, ज्याला क्रॉस कंट्री म्हणतात त्या प्रकारातली. लग्नाआधी अन्फिसा रोमानोवा या नावाने तिने १९८५ साली ऑस्ट्रियातल्या सीफेल्डच्या जागतिक स्पर्धेत सोव्हिएत संघाच्या रिले चमूतून सुवर्ण मिळवले, तेव्हा ती वीस वर्षांची होती. १९८७ साली जर्मनीतल्या ओबरस्टडॉर्फला पुन्हा रिलेचे सुवर्ण आणि वीस किलोमीटरचे रौप्य. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये चार गुणिले पाच किलोमीटरच्या रिलेत शेवटचा टप्पा तिच्याकडे होता आणि सोव्हिएत संघ पहिला आला. वीस किलोमीटरमध्ये तमारा तिखोनोवा पहिली, ही दुसरी आणि राइसा स्मेतानिना तिसरी, अशी तिन्ही पदके एकाच देशाकडे गेली.

कॅलगरीबाबत एक बारकावा सांगायला हवा, कारण पुढचे सारे त्याच्याशी जोडलेले आहे. स्कीवर चालण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतीत दोन्ही स्की समांतर चरांतून पुढे सरकवतात. नव्या मुक्त रीतीत पाय बाहेरच्या बाजूला रेटत, बर्फावर स्केटिंग केल्यासारखे जातात आणि त्यात वेग जास्त मिळतो. कॅलगरीत महिलांच्या पाच आणि दहा किलोमीटरच्या शर्यती जुन्या रीतीच्या होत्या, तर वीस किलोमीटर आणि रिले मुक्त रीतीच्या. रेझत्सोवाची दोन्ही पदके मुक्त रीतीची. बायथलॉनमध्ये तर एव्हाना सगळेच मुक्त रीतीने धावू लागले होते. म्हणजे नेम सोडला, तर बायथलॉनला लागणारे जे काही होते ते तिच्याकडे आधीपासून होते, असा माझा तर्क आहे.

जानेवारी १९८९ मध्ये तिची पहिली मुलगी दार्या जन्मली. त्यानंतर ती परतली ती बायथलॉनमध्ये. पंचविशीच्या आसपासची, तान्ह्या मुलीची आई, ज्या खेळात ऑलिंपिक सुवर्ण पदरात आहे तो बाजूला ठेवून, रायफल कशी धरतात इथपासून सुरुवात करते; हा निर्णय मला तिच्या सगळ्या पदकांपेक्षा अधिक विलक्षण वाटतो. आपल्याकडे बाळंतपणानंतर शिलाई मशीन पुन्हा उघडायलाही दोन वर्षे जातात. आणि ती काही जन्मजात नेमबाज नव्हती. तिची नेमबाजी शेवटपर्यंत कच्चीच राहिली, असे तिच्याबद्दल लिहिणारे बहुतेक सगळे सांगतात, आणि तिच्या शर्यतींचे आकडे पाहिले की ते पटते. तरीही १९९१-९२ आणि १९९२-९३ अशा लागोपाठच्या दोन हंगामांत बायथलॉनच्या विश्वचषकात एकूण गुणांत ती पहिली आली.

११ फेब्रुवारी १९९२ हा दिवस. आल्बर्टव्हिल ऑलिंपिक, बायथलॉनची जागा ले सेझी नावाचे डोंगरावरचे गाव. महिलांच्या बायथलॉनची ऑलिंपिकमधली ही पहिलीच शर्यत, साडेसात किलोमीटरची स्प्रिंट. सोव्हिएत संघ दोन महिन्यांपूर्वीच विसर्जित झाला होता, त्यामुळे तिथल्या खेळाडूंचा संयुक्त संघ ऑलिंपिकच्या ध्वजाखाली उतरला होता आणि जिंकणाऱ्यासाठी ऑलिंपिकचीच धून वाजणार होती. रेझत्सोवाच्या दहापैकी तीन गोळ्या चुकल्या. तिने तीन दंडाच्या फेऱ्या मारल्या, म्हणजे साडेसात किलोमीटरवर साडेचारशे मीटर जास्त. दुसऱ्या आलेल्या जर्मनीच्या आंत्ये मिझेर्स्कीच्या दोन चुकल्या, तिसऱ्या आलेल्या येलेना बेलोवाच्याही दोन. तरीही रेझत्सोवा सुमारे सोळा सेकंदांनी पहिली आली.

हा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला, कारण आयुष्यभर हिशेबाचीच नोकरी केल्यामुळे मला त्याशिवाय राहवत नाही. दंडाच्या एका फेरीला पंचवीस सेकंदांच्या आसपास लागतात. मिझेर्स्कीपेक्षा एक फेरी जास्त मारूनही रेझत्सोवा सोळा सेकंद पुढे राहिली, म्हणजे निव्वळ पायांच्या बळावर तिने साडेसात किलोमीटरमध्ये चाळीसेक सेकंद मिळवले होते. तीनही गोळ्या लागल्या असत्या तर पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकातले अंतर दीड मिनिटाच्या घरात गेले असते, आणि हे अंतर जिथे पदके सेकंदांच्या अपूर्णांकांवर ठरतात अशा खेळातले आहे. एका अर्थाने ती शर्यत फार चांगली धावली आणि दुसऱ्या अर्थाने फार वाईट खेळली, आणि सुवर्णपदक या दोन्हींच्या बेरजेला मिळाले.

मिझेर्स्कीचीही एक कथा आहे आणि ती इथे थोडक्यात सांगते. ती पूर्व जर्मनीची स्कीपटू होती. तिचे वडीलच प्रशिक्षक होते. खेळाडूंना उत्तेजक औषधे देण्याला त्यांनी नकार दिला आणि त्यांना काढून टाकण्यात आले, तेव्हा १९८५ साली तिनेही खेळ सोडला. चार वर्षांनी ती परतली तीही बायथलॉनमध्येच. म्हणजे त्या पहिल्या ऑलिंपिक शर्यतीत पहिल्या दोन्ही जागा जुन्या खेळाकडून आलेल्या बायकांनी घेतल्या. पुढे हा रस्ता रुळला; जर्मनीच्याच डेनिस हेरमानने २०१४ मध्ये स्कीइंगच्या रिलेत कांस्य आणि २०२२ मध्ये बायथलॉनमध्ये सुवर्ण मिळवले. पण पहिली वाट पाडणाऱ्याचे काटे वेगळेच असतात.

त्याच ऑलिंपिकमध्ये पंधरा किलोमीटरची शर्यत मिझेर्स्कीने जिंकली आणि रेझत्सोवा त्यात पदकाच्या जवळपासही नव्हती. याचे कारण मला नियमातच दिसते. पंधरा किलोमीटरच्या वैयक्तिक शर्यतीत दंडाची फेरी नसते. चुकलेल्या प्रत्येक गोळीमागे एकूण वेळेत सरळ एक मिनिट वाढवले जाते. फेरी असते तेव्हा चुकीचा दंड पायांनी भरता येतो: ज्याचे पाय वेगवान त्याची फेरी लवकर संपते आणि दंडही थोडका पडतो. मिनिट मात्र सगळ्यांना सारखेच साठ सेकंदांचे असते, आणि त्यात पायांना काही करण्यासारखे उरत नाही. रेझत्सोवाची ऑलिंपिकमधली बायथलॉनची तीन पदके पाहा: एक स्प्रिंटचे आणि दोन रिलेची. जिथे चूक धावून फेडता येते तिथे तिने पदके मिळवली आणि जिथे चुकीचे मिनिट वहीत मांडले जाते तिथे मिळाले नाही. माझ्या जुन्या हिशेबनिसाच्या डोक्याला हा फरक फार भावला. पहिला प्रकार रोख व्यवहाराचा आणि दुसरा खात्यावर चढवायचा. खात्यावर चढलेली रक्कम माणसाला वर्षअखेरपर्यंत छळते.

१९९२ च्या रिलेत संयुक्त संघाला कांस्य मिळाले. फ्रान्सच्या तिघी पहिल्या आल्या. दोनच वर्षांनी, १९९४ मध्ये लिलेहामरला, ती रशियाच्या ध्वजाखाली उतरली. नादेझ्दा तालानोवा, नताल्या स्नितिना, लुइझा नोस्कोवा आणि शेवटच्या टप्प्यावर रेझत्सोवा, अशा चौघींनी जर्मनीला जवळजवळ चार मिनिटांनी मागे टाकून सुवर्ण जिंकले. रिलेत प्रत्येक थांब्यावर पाच लक्ष्यांसाठी आठ गोळ्या मिळतात, पण शेवटच्या तीन हाताने एकेक भरून झाडाव्या लागतात. गोठलेल्या बोटांनी ते करायचे म्हणजे तोही एक दंडच आहे, फक्त रिंगणात धावण्याऐवजी बोटांनी भरायचा. तीन ऑलिंपिक, तीन सुवर्ण, एक रौप्य आणि एक कांस्य, आणि ही पाच पदके तीन वेगवेगळ्या ध्वजांखाली. आमच्या जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे १९५२ च्या हेलसिंकीचे एक कांस्यपदक पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. याकिमेट्सच्या पोरांना ही पाच पाठ असतील की नाही कोण जाणे.

१९९६ साली आणखी एक मुलगी, क्रिस्टिना, जन्मली. त्यानंतर रेझत्सोवा पुन्हा तिच्या जुन्या खेळाकडे वळली आणि १९९९ साली ऑस्ट्रियातल्या रामसाउच्या जागतिक स्पर्धेत रशियाच्या रिले चमूत तिसरा टप्पा धावून सुवर्णपदक घेऊन आली. १९८५ च्या पहिल्या सुवर्णाला तेव्हा चौदा वर्षे झाली होती. पुढे दार्या आणि क्रिस्टिना या दोघीही बायथलॉनमध्ये आल्या. क्रिस्टिनाने २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये महिलांच्या रिलेत रौप्य आणि मिश्र रिलेत कांस्य मिळवले, आणि तेही स्वतः आई झाल्यावर वर्षभराने. ते पाहायला अन्फिसा होती. ती मुलाखतींतून फटकळ बोलत असे आणि कोणाची भीडभाड ठेवत नसे, असे वाचले आहे. लेकीच्या नेमबाजीबद्दल ती घरी काय बोलत असेल याची मला फार उत्सुकता आहे, कारण ज्या आईच्या स्वतःच्या तीन गोळ्या चुकल्या तिला लेकीला रागावण्याचा हक्क उरतो का, हा प्रश्न आमच्या घरातही अधूनमधून निघतो.

नातीने हे सगळे माझ्याकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकले होते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत एके सकाळी आम्ही दोघी अजिंक्यताऱ्यावर गेलो. दर आठवड्याला मी वर जाते, पण सावकाश. त्या दिवशी नातीच्या हट्टामुळे शेवटचा चढ न थांबता चढले. वर मंगळाईच्या देवळाशी पोचले तेव्हा कानांत ठोके ऐकू येत होते. तिने पाठपिशवीतून सुई आणि काळा दोरा काढला.

“बंदूक नाही आपल्याकडे,” ती म्हणाली. “पाच वेळा ओव. मी मोजते.”

घरी बसल्या जागी मी डोळ्याजवळ सुई धरून एका झटक्यात दोरा ओवते. हातशिलाईची सवय आहे. इथे सुईचे नेढे स्थिरच राहीना. दोऱ्याचे टोक जिभेवर ओले करून, अंगठ्याने पीळ देऊन मी ते नेढ्याशी नेले की बोट ठोक्याबरोबर उडे आणि टोक नेढ्याला चाटून बाजूला जाई. चष्म्यावर माझ्याच श्वासाचे धुके धरत होते. पहिल्यांदा गेला. दुसऱ्यांदा चुकला, तिसऱ्यांदा चुकला. चौथ्यांदा मी श्वास पूर्ण सोडला आणि नवा घेण्याआधीची जी स्तब्धता असते तिच्यात हात पुढे केला, आणि दोरा सरळ आत गेला. पाचव्यांदा तेच करायला गेले आणि घाईने चुकले.

“पाचातले तीन चुकले,” नात म्हणाली. तिने देवळापासून पुढच्या बुरुजाकडे जाणारी पायवाट दाखवली. “त्या दगडापर्यंत जाऊन परत यायचं. तीनदा.”

“अगं, ती तरुण होती,” मी म्हणाले.

“तुझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठी होती, तूच सांगितलंस.”

मी पदर खोचला आणि निघाले. पहिल्या फेरीत धाप तशीच होती. दुसऱ्या फेरीत खाली सातारा शहर धुक्यातून वर येताना दिसले, ‘चार भिंती’ स्मारकाकडचा भाग आधी आणि मग बाकीचा. तिसरी फेरी पुरी करून देवळाशी आले तेव्हा तिने हातातला कागद, ज्यावर तिने माझ्या नावापुढे दोन टिंबे आणि तीन फुल्या काढल्या होत्या, घडी करून पिशवीत टाकला आणि सुई पुन्हा माझ्या हातात दिली.